१८८० च्या सुमारास अमेरिकेत गुरं पाळणारं कुटुंब: घरातला दिवस नेमका कसा जायचा?

शिवडीकर

नमस्कार मंडळी, एका दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतलीये. १८८० च्या आसपास अमेरिकेच्या पश्चिम भागात गुरं पाळायला गेलेलं एक कुटुंब आहे, नवरा-बायको, तीन मुलं आणि नवऱ्याची म्हातारी आई. अडचण अशी की पिक्चर बघून डोक्यात जे बसलंय ते सगळं बंदूक, घोडा, दारूचा गुत्ता आणि शेरीफ, घर कुठे दिसतच नाही. त्या बाईने सकाळी उठून चूल कशावर पेटवली, पाणी कुठून आणलं, मुलं शाळेत जायची का, कुणी आजारी पडलं तर काय, हे कळल्याशिवाय पहिलं पानसुद्धा लिहवत नाहीये.

मी जन्मापासून मुंबईत. गुरं म्हणजे जोगेश्वरीच्या तबेल्यातल्या म्हशी आणि गावी मामाकडची बैलजोडी, एवढीच ओळख. म्हणून काही साधे प्रश्न विचारतो. हजारो गुरं म्हटल्यावर घरात दूधदुभत्याची रेलचेल होती का? एवढी जमीन मिळायची कशी, विकत घ्यायचे की सरकार द्यायचं? आणि कथा टेक्सासमध्ये ठेवू की अजून वर मोंटाना वगैरे भागात, वर्ष कुठलं धरू? ज्यांनी यावर वाचलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, घाई नाहीये.

माळरान

दुधाचं आधी सांगतो कारण आपण मराठी माणसं गुरं म्हटलं की आधी धार काढणार. ती गुरं मांसासाठी. टेक्सासची लाँगहॉर्न म्हणजे स्पॅनिश लोकांनी आणलेल्या गुरांची रानात मोकाट वाढलेली अवलाद, शिंगांचा पसारा माणसाच्या उंचीएवढा, माणसाच्या हाताची सवय नाही, दूध वासरापुरतं आणि कासेला हात लावायला गेलात तर लाथ ठरलेली. त्यामुळे हजारो गुरांच्या मालकाच्या घरी कॉफीत डब्यातलं आटवलेलं दूध, असं खरोखर व्हायचं. गेल बॉर्डनने त्या दुधाचं पेटंट १८५६ मध्ये घेतलं होतं. घरची बाई खमकी असली तर ती एक-दोन दुभत्या गायी मुद्दाम वेगळ्या आणून गोठ्यात बांधायची आणि लोणी-अंडी विकून येणारा पैसा तिच्या हातात राहायचा. तुमच्या कथेत अशी एक गाय नक्की ठेवा, घरात त्या बाईचं वजन किती आहे ते त्या गाईवरूनच कळेल.

आता पैसा. यादवी युद्ध १८६५ ला संपलं तेव्हा टेक्सासात गुरं अमाप आणि गिऱ्हाईक नाही, तिथे जनावर साधारण ४ डॉलरला आणि उत्तरेकडच्या बाजारात तेच ४० च्या आसपास. मधे रेल्वे नव्हती, म्हणून गुरं चालवत न्यायची. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय नावाच्या व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनला रेल्वेलगत गुरांचे वाडे बांधले आणि टेक्सासातून तिथवर रीघ लागली. अडीच-तीन हजारांचा कळप, बरोबर दहा-बारा माणसं, एक स्वयंपाकी, राखीव घोडे. दिवसाला १६ ते २४ किलोमीटरच, कारण जास्त हाकललं तर वजन उतरतं आणि वजन उतरलं की भाव उतरतो. वाट चालता चालता जनावर चरलं पाहिजे, हे सगळ्यात मोठं कसब. प्रवास दोन-तीन महिन्यांचा. रात्री दोन-दोन तासांचे पहारे, आणि पहारेकरी हळू आवाजात गात कळपाभोवती घोडा फिरवायचे, कारण शांततेत एकदम काही वाजलं की कळप उधळायचा. वीज कडाडली तर गाण्याचाही उपयोग नसे. म्हणजे तुमच्या कथेतला नवरा कळपाबरोबर गेला तर अख्खा उन्हाळा घराबाहेर, आणि घरचं सगळं बाई आणि सासू बघणार. कथा तिथेच आहे असं मला वाटतं.

जमिनीचं असं की १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायचे, पाच वर्षं राहून जमीन कसून दाखवायची आणि किरकोळ फी भरायची. आपल्याला १६० एकर म्हणजे राजेशाही वाटते पण तिथल्या कोरड्या माळावर एका गाईला पोटभर चरायला कितीतरी एकर लागतात, त्यामुळे १६० एकरांत कुटुंब जगणं कठीण. मग लोक काय करायचे तर ओढ्याकाठचा तुकडा आपल्या नावावर करायचे आणि पलीकडचं सरकारी रान फुकट चरवायचे. पाणी ज्याच्या हातात त्याच्या हातात आजूबाजूचे हजारो एकर, कागदावर नाव असो नसो. भांडणं बहुतेक यावरूनच. १८७४ ला ग्लिडनचं काटेरी तारेचं पेटंट आलं आणि दहा-बारा वर्षांत मोकळं रान कुंपणांनी तुटायला लागलं.

ठाण्याची_अनु

माळराननी बाहेरचं छान लिहिलंय, मी घरातलं लिहिते.

चूल आधी. त्या माळावर झाड नाही, त्यामुळे लाकूड फक्त ओढ्याकाठी, तेही बेताचं. जळण म्हणजे रानशेणी. आधी रानगव्यांच्या, म्हणजे तिथल्या बायसनच्या, आणि ते संपल्यावर गुरांच्या. मुलांचं रोजचं काम पोती घेऊन रानभर शेणी वेचायच्या. नव्याने आलेल्या बायकांना पहिले काही दिवस किळस यायची, फडक्याने उचलायच्या, मग हाताने, आणि मग त्याच हाताने पीठ मळायला घ्यायच्या. शेणी भराभर जळते, राख खूप पडते, त्यामुळे भाकरी भाजेपर्यंत सारखं उठून घालत राहावं लागतं. ही धावपळ कथेत आली पाहिजे, आपल्या आजीला ती समजावून सांगावी लागणार नाही.

घर म्हणाल तर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांच्या विटा रचून केलेलं, किंवा टेकडीच्या उतारात अर्धं खणलेलं. ओढ्याकाठी लाकूड मिळालं तर ओंडक्यांचं. मातीचं घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार, पण पाऊस लागला की छतातून दोन-दोन दिवस चिखल गळणार. छताला आतून कापड ताणून बांधायच्या, वरून माती आणि कधी सापसुद्धा पडतो म्हणून.

साबण घरचा. जनावर कापलं की चरबी साठवायची, लाकडाच्या राखेतून पाणी झिरपवून खार काढायचा, मोठ्या कढईत बाहेर अंगणात दोन्ही उकळायचं, डोळे चुरचुरतात, हात सोलतात. धुणं म्हणजे आख्खा दिवस, कारण पाणी ओढ्यावरून बादलीने. पवनचक्कीवर चालणारा पंप ज्यांच्या दारात आला त्यांचं आयुष्य बदललं, पण तो सगळ्यांना परवडायचा नाही. जेवण म्हणजे शेंगाच्या बिया (राजम्यासारख्या), खारवलेलं डुकराचं मांस, आंबवलेल्या पिठाचे पाव आणि कॉफी. हे आंबवण बाई जिवापाड जपायची, कडाक्याच्या थंडीत ते भांडं गोठू नये म्हणून अंथरुणात घेऊन झोपल्याचंही वाचलंय. वाळवलेली सफरचंदं मिळाली की सणच.

शाळा जवळपास वस्ती असली तर वर्षातले काही महिने, नाहीतर आईच शिकवणार, पुस्तकांत बायबल पहिलं. डॉक्टर दिवसाच्या घोडदौडीवर. बाळंतपण शेजारणीच्या भरवशावर, आणि शेजारीण कुठे असायची ते ऐका. गुरांचा मोठा मालक चार्ल्स गुडनाइट, त्याची बायको मॉली १८७७ मध्ये टेक्सासच्या पालो ड्युरो दरीत राहायला आली तेव्हा सगळ्यात जवळचं घर १२० किलोमीटरवर होतं. महिनोन्‌महिने दुसऱ्या बाईचं तोंड दिसत नसे. एका गुराख्याने तिला तीन कोंबड्या आणून दिल्या, खायला म्हणून, पण तिने त्या कापल्या नाहीत, त्या तिच्या मागेमागे फिरायच्या आणि ती त्यांच्याशी बोलायची, त्यांची किती सोबत झाली ते तिने नंतर सांगून ठेवलंय. पुढे तिच्याच हट्टाने गुडनाइटने रानगव्यांची पोरकी पाडसं पकडून आणून वाढवली. त्यांचे वंशज आजही टेक्सासमध्ये सरकारी कळप म्हणून जिवंत आहेत.

आणि बाई म्हणजे फक्त चूल असंही नको लिहू दादा. टेक्सासमधल्या किंग रँचचा (रँच म्हणजे गुरं पाळायचा मोठा जमीनजुमला) मालक रिचर्ड किंग १८८५ मध्ये गेला तेव्हा बायको हेन्रिएटाच्या पदरात पाच लाख एकर आणि पाच लाख डॉलरचं कर्ज पडलं. तिने जावयाला हाताशी धरून ते फेडलं आणि १९२५ मध्ये वारली तोपर्यंत मालकी तिचीच.

आरेकर

माझं बालपण आरेत गेलं, वडील तिथे जनावरांच्या दवाखान्यात कामाला होते, त्यामुळे या धाग्यावर हात शिवशिवले.

शिवडीकर, जोगेश्वरीच्या तबेल्याचा अनुभव घेऊन तुम्ही रँच डोळ्यासमोर आणत असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तबेल्यात म्हैस रोज दोनदा माणसाच्या हाताखाली असते. चारा बाहेरून येतो, पाणी पाजतात, धुतात, भैया प्रत्येकीला चालीवरून ओळखतो आणि आटली की भाकड म्हणून बाहेर काढतात. १९४९ मध्ये दारा खुरोडींनी शहरातल्या म्हशी बाहेर काढून आरे वसवलं तेही याच धर्तीवर, फक्त स्वच्छ आणि सरकारी देखरेखीत. रँचवर याच्या अगदी उलट. जनावर स्वतः चरतं, स्वतः पाणी शोधतं, रानात वितं, आणि माणसाशी त्याची गाठ वर्षातून दोनदाच पडते. वसंतात सगळे शेजारी मिळून रानातून गुरं गोळा करतात, वासरू ज्या गाईमागे असेल त्या गाईचीच निशाणी त्याला तापल्या लोखंडाने डागतात, गोऱ्हे खच्ची करतात. शरद ऋतूत विकायची वेगळी काढतात. डागायच्या दिवशी धूळ, जळक्या केसांचा वास, वासरांचा हंबरडा आणि बाहेर आयांचा, ते सगळं एकाच वेळी. घरची बाई त्या दिवशी वीस-पंचवीस माणसांचं रांधत असते. म्हणून मला वाटतं तुमच्या कुटुंबातलं कुणी, समजा धाकटी मुलगी, एखाद्या पोरक्या वासराला बाटलीने वाढवते आणि मग ते वासरू विकायच्या कळपात जातं, हे तिथल्या मुलांच्या वाट्याला खरंच यायचं.

आता आपल्याकडचा धागा. टेक्सासची गुरं उत्तरेला गेली की वाटेतली स्थानिक गुरं तापाने पटापट मरायची आणि टेक्सासची मात्र ठणठणीत, त्यामुळे कॅन्ससचे शेतकरी बंदुका घेऊन कळप अडवायचे, तसे कायदेही झाले. कारण कुणाला कळत नव्हतं. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी सिद्ध केलं की हा ताप गोचिडातून पसरतो, किड्यामार्फत रोग पसरतो हे सिद्ध झालेल्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी ते एक. मग गोचिडाला आणि उन्हाला दाद न देणारं जनावर कुठलं, तर आपलं. वशिंडवाला, गळ्याखाली लोंबती पोळी, कातडी सैल, घाम जास्त. १८५४ पासून थोडे थोडे वळू भारतातून तिकडे गेले होते. १९०६ मध्ये टेक्सासमधल्या पियर्स रँचच्या ए. पी. बॉर्डनने (वरचा दूधवाला गेल बॉर्डन वेगळा) मोठी खेप नेली, न्यूयॉर्कजवळच्या बेटावर विलगीकरणात ठेवली तेव्हा काहींच्या रक्तात सरा (परजीवीमुळे होणारा जनावरांचा रोग) निघाला, ती मारावी लागली, आणि शेवटी ३३ जनावरं टेक्सासला पोचली. आज ज्याला अमेरिकन ब्राह्मण म्हणतात ती जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या सांगली-मिरजेकडची कृष्णाकाठची, यांच्या रक्तातून झाली. किंग रँचने त्यात शॉर्टहॉर्न मिसळून सांता गर्ट्रुडिस काढली, १९४० मध्ये तिला मान्यता मिळाली. तुमच्या १८८० च्या कथेत हे बसणार नाही, पण नातवंडांपर्यंत गोष्ट नेणार असाल तर एखादा वशिंडवाला वळू दारात उभा राहू शकतो.

पायवाट

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे पण एक मुद्दा कुणी काढला नाही आणि तो कथेत नसेल तर मला ती कथा अर्धी वाटेल. हे रान रिकामं नव्हतं.

मॉली गुडनाइटच्या पालो ड्युरोचंच घ्या. सप्टेंबर १८७४ मध्ये त्याच दरीत कर्नल मॅकेन्झीच्या अमेरिकन फौजेने कोमांची, कायोवा आणि शायान या तिथल्या मूळ जमातींच्या वस्त्यांवर हल्ला केला. माणसं फार मेली नाहीत, पण त्यांचे तंबू आणि हिवाळ्याची बेगमी जाळली, चौदाशेच्या आसपास घोडे धरले आणि त्यातले हजारावर गोळ्या घालून मारले. घोडा गेला म्हणजे शिकार गेली, शिकार गेली म्हणजे उपास. पुढच्या वर्षी कोमांचींचा नेता क्वाना पार्कर आपल्या लोकांसह शरण आला. त्यानंतर वर्षभराने गुडनाइटची गुरं दरीत उतरली. पुढे ती रँच तेरा लाख एकरांच्या घरात गेली. मोंटानाकडे गेलात तर तिथला रानगव्यांचा शेवटचा मोठा कळप १८८३ पर्यंत संपवला गेला आणि त्याच हिवाळ्यात तिथल्या ब्लॅकफीट जमातीच्या लोकांत शेकडो माणसं भुकेने मेली. तुमच्या कुटुंबातली मुलं ज्या शेणी वेचतायत त्या कुठल्या जनावराच्या होत्या आणि त्या जनावरावर कोण जगत होतं, हे त्या घरातल्या निदान एका माणसाला माहीत असायला हवं.

शिवाय गुराखी म्हणजे गोरा माणूस हे चित्र पण सोडा. मूळ कसब मेक्सिकन वाकेरोंचं, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांचं, दोर फेकण्यापासून खोगिरापर्यंत. किंग रँच तर सीमेपलीकडच्या एका दुष्काळी गावातली सगळी कुटुंबं आणून उभी राहिली. इतिहासकारांच्या अंदाजाने चारातला एक गुराखी काळा होता, त्यातले बरेच जण युद्धाआधी गुलाम म्हणून हेच काम करत होते.

शिवडीकर

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. पायवाट, तुमचा मुद्दा एकदम पटला, सासूचं पात्र मी तसं करतोय, ती आधीपासून त्या भागात राहिलेली आणि ब्लॅकफीट बायकांशी देवघेव केलेली, सुनेला जे दिसत नाही ते तिला दिसतं. म्हणजे कथा मोंटानात गेली. माळरान, मग वर्षाचं काय करू, आणि १८८६-८७ च्या हिवाळ्याबद्दल सगळीकडे उल्लेख येतो तो एवढा मोठा होता का?

माळरान

मोंटाना असेल तर १८८३ ला सुरुवात करा. त्याच वर्षी नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे मोंटानातून आरपार झाली, म्हणजे तुमचं कुटुंब सामान गाडीत टाकून येऊ शकतं आणि गुरंही गाडीने शिकागोला जाऊ शकतात. मोंटाना तेव्हा राज्य नव्हतं, १८८९ ला झालं.

आणि हो, तो हिवाळा तेवढाच मोठा होता. त्याआधी पूर्वेकडचे आणि ब्रिटिश सावकार पैसा ओतत होते, रानात मावणार नाहीत एवढी गुरं सोडली गेली. १८८६ चा उन्हाळा कोरडा, गवत तोकडं, वणवे. नोव्हेंबरपासून बर्फ. मधे थोडं ऊन पडून बर्फ वितळला आणि परत गोठला, तर वर काचेसारखा थर, जनावराच्या खुराने फुटेना, पाय मात्र कापले जायचे. जानेवारीच्या शेवटी सगळ्यात मोठं वादळ. मोकाट गुरं वाऱ्याला पाठ देऊन चालत राहायची, कुंपण लागलं की तिथेच थांबायची आणि तिथेच मरायची. काही तर ओढ्याकाठच्या घरांपर्यंत येऊन खिडक्यांपाशी हंबरत, आणि घरात द्यायला चारा नाही. एका मालकाने पत्राने विचारलं गुरं कशी आहेत, तेव्हा तिथे कामाला असलेल्या चार्ली रसेलने उत्तरात एक छोटं चित्र काढून दिलं, बर्फात उभी हाडं निघालेली एक गाय आणि भोवती टपलेले लांडगे. पुढे तो मोठा चित्रकार झाला. थिओडोर रूझवेल्टने डाकोटात घातलेला पैसाही त्याच हिवाळ्यात बुडाला, अर्ध्याहून जास्त गुरं गेली. बर्फ वितळल्यावर नद्यांतून मेलेली जनावरं वाहत होती.

पण कथेसाठी महत्त्वाचं हे की मोठे मालक उठून गेले आणि छोटी कुटुंबं बरीच टिकली. ज्यांच्याकडे दोनशे गुरं आणि थोडं गवत साठवलेलं होतं त्यांनी निदान काही वाचवली. त्यानंतर गुरं मोकाट सोडून द्यायचा जमाना गेला, कुंपण, कमी गुरं आणि गवत कापून ठेवणं हे रोजचं झालं. म्हणजे घोड्यावरून उतरून विळा-दाताळं हातात घेणं, आणि बऱ्याच गुराख्यांना ते कमीपणाचं वाटायचं. तुमच्या नवऱ्याला ते वाटेल की नाही ते ठरवा. त्या म्हातारीने आधीपासून गवत साठवायचा धोशा लावलेला असेल तर अजून छान.

ठाण्याची_अनु

यात भर घालते. गवत कापणी जुलै-ऑगस्टमध्ये, घोड्यांनी ओढायचं कापणी यंत्र तेव्हा मिळत होतं, पण नसलं तर लांब दांड्याचं कोयतं. कापलेलं गवत दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचं, ओलं रचलं तर आतून तापून पेट घेतं. घोड्यांच्या दाताळ्याने ओळी गोळा करायच्या आणि हे काम बायका-मुलांकडेच यायचं. गंजीला भोवती कुंपण, नाहीतर गुरं हिवाळ्याआधीच फस्त करतात. हिवाळ्यात रोज घसरगाडीला घोडे जुंपून गवत रानात नेऊन पांगवायचं. मोंटानाच्या फोटोंत गवताची गंजी रचायची लाकडी उतरण दिसते ना मोठी, ती १९१० च्या आसपासची आहे, १८८७ मध्ये घालू नको. तेव्हा लांब दांड्याच्या दातेरी काट्याने गवत वर फेकायचं, आणि गंजीवर उभं राहून पसरवायला घरातलं सगळ्यात हलकं माणूस, म्हणजे तुझा मोठा मुलगा किंवा मुलगी.